जंगलाचं काय शिकायचं असतं?

परवा बचत गटाची बैठक संपली. बायका चपला शोधत होत्या आणि आमच्या कोषाध्यक्षबाई मात्र जागेवरून हलेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगी जंगलाचं शिकाचं म्हनते. जंगलाचं काय शिकाचं असते वं? आमी तं जलमभर जंगलातच राह्यलो."

बाईंचं माहेर काटेपूर्णा अभयारण्याच्या कडेचं. लहानपणी पहाटे उठून तेंदूपत्ता तोडायला जायच्या. नवरा वाशीमला अडत दुकानात दिवाणजी आहे. लेक बारावी सायन्स झाली, सीईटीतही बरे गुण पडले. वडिलांचं म्हणणं, इथल्याच कॉलेजात घाल, नाहीतर पोलीस भरतीची तयारी करू दे. मुलीने मात्र वनशास्त्र हेच धरून ठेवलंय.

मैत्रिणींनो, मी बी.ए. मराठी. माझ्या वेळी घरून चालत जाता येईल तेच कॉलेज निवडायचं असायचं, म्हणजे निवडायला काही नव्हतंच. आपल्या लेकींच्या बाबतीत आपण अजून तसंच करतो. फरक एवढाच की आता चालत जाण्याऐवजी संध्याकाळी परत येता येईल का, असं विचारतो.

मुलीला घेऊन बसले. चार दिवस फोन केले, नियम वाचले, तेव्हा कळलं की पहिला घोळ नावांचाच आहे. वनशास्त्र, पर्यावरणशास्त्र, वन्यजीव, जैवविविधता हे आपल्याला एकच वाटतं, पण तसं नाही. बी.एस्सी. वनशास्त्र ही चार वर्षांची पदवी कृषी विद्यापीठाची. आपल्या राज्यात त्यासाठी नावं घ्यायची ती दापोली आणि अकोल्याची. प्रवेश बारावी सायन्स आणि सीईटीवर, अर्ज ऑनलाइन. पर्यावरणशास्त्र मात्र नेहमीच्या विद्यापीठांच्या कॉलेजांत असतं. त्यात हवा, पाणी, कचरा, प्रदूषण यांवर भर असतो. ते कमी प्रतीचं नाही, पण जंगलात जायचं म्हणणाऱ्या मुलीला तिथे प्रयोगशाळाच जास्त भेटते.

आणि तिसरा प्रकार जाहिरातींचा. ओळखीतल्या एकीने लेकीचा 'वन्यजीव व्यवस्थापन' डिप्लोमा एका खासगी संस्थेत केला. माहितीपुस्तकावर वाघाचा केवढा मोठा फोटो! साठ हजार भरले. पुढे सरकारी परीक्षेचा अर्ज भरताना कळलं, तो डिप्लोमा कुठेच धरत नाहीत. मुलगी आता पुन्हा पहिल्या वर्षाला बसली आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी एकच विचारा: पदवी कोणतं विद्यापीठ देणार? उत्तर कागदावर मागा.

भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवी कुठलीही चालत नाही. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, भूशास्त्र, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी एक विषय, नाहीतर शेती, वनशास्त्र किंवा इंजिनिअरिंगची पदवी लागते. माझी बी.ए. तिथे कामाची नव्हती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. पण यातच एक दिलासाही आहे. वनशास्त्राची जागा मिळाली नाही, तर गावातल्या चांगल्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र किंवा प्राणीशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी मुलगीही त्याच परीक्षेला बसू शकते. पुढे पुण्याच्या गरवारे कॉलेजात जैवविविधतेची किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. करायची वाटही आहे. लाखभर रुपये भरून भारी नावाचा कोर्स घ्यायची काही गरज नाही.

वनसेवेच्या नियमात मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, हे मी वाचून दाखवलं तर कोषाध्यक्षबाई हसल्याच. "एवढं तं आमी पत्त्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालत होतो."

पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात वनरक्षक स्वाती ढुमणे पायी सर्वेक्षण करत असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी बाईंनी टीव्हीवर पाहिली होती आणि विसरल्या नव्हत्या. यावर मी काय बोलणार? काही होणार नाही हो, असं म्हणणं खोटं ठरलं असतं. एवढंच म्हटलं की या शिक्षणाचा रस्ता फक्त खाकी वर्दीकडे जात नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पुढे ग्रामसभेने स्वतःचा बांबू विकला. अशा गावांना झाडं मोजणारी, तोड किती करायची हे सांगणारी, आराखडा लिहून देणारी शिकलेली माणसं लागतात. रोपवाटिका आहेत, संशोधन आहे. सरकारी जागा थोड्या निघतात आणि त्यांची वाट बघावी लागते, हेही मी मुलीच्या तोंडावर सांगितलं.

मग आम्ही तिघींनी वहीत प्रश्न लिहिले. वर्षातले किती दिवस जंगलात नेतात? सोबत बाई शिक्षिका असते का? शिबिरात मुलींच्या संडास-बाथरूमची सोय काय? (हा प्रश्न विचारायला लाजू नका. याच एका कारणाने किती मुली शिबिराला जातच नाहीत.) शिकवणाऱ्यांच्या किती जागा रिकाम्या आहेत? आणि हे सगळं ऑफिसात विचारू नका. वसतिगृहाच्या दारात तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली गाठा, त्या खरं सांगतात.

अकोला की दापोली, यावर घरात वाद झाला. वडिलांना अकोला हवं, एसटीने जाऊन येता येतं. मला वाटतं, अकोल्याच्या बाजूने याहून मोठं कारण आहे. साग, मोह, तेंदू, धावडा हे आपलं कोरडं जंगल, आणि मेळघाट जवळ. दापोलीला पाऊस वेगळा, माती वेगळी, खाडीकाठी खारफुटी. इकडेच काम करायचं असेल तर इकडचं जंगल आधी शिकावं. मुलीला हे पटलं नाही. "इकडलं तर आईकडून शिकीन," म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी पहिला पसंतीक्रम दापोली, दुसरा अकोला. वडील दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी डेपोत जाऊन कोकणातल्या गाड्यांची चौकशी करून आले. यादी अजून लागायची आहे.