परमार्थ निवृत्तीनंतर?

‘आधी संसार मार्गी लागू द्या, मग देवाधर्माचे पाहू’, हे वाक्य आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतक्या सहजतेने उच्चारले जाते की, त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. भविष्यनिर्वाह निधीची कपात आपण पहिल्या पगारापासून मान्य करतो. मुलीच्या लग्नासाठी ती शाळेत असतानाच पैसे बाजूला टाकू लागतो. परंतु ज्या प्रयाणाबद्दल तिळमात्र अनिश्चितता नाही, त्याची तयारी तेवढी सेवानिवृत्तीनंतरच्या सवडीवर सोपवितो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार होय.

अर्थशास्त्राने या वृत्तीचा विचार केला आहे. कॉरी अझी व रोनाल्ड एरनबर्ग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी 1975 साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’मध्ये एक निबंध लिहिला. चर्चमधील उपस्थितीकडे त्यांनी मरणोत्तर सुखासाठी केलेली वेळेची गुंतवणूक म्हणून पाहिले आणि ही उपस्थिती वयाबरोबर का वाढावी याचे विवेचन केले. फळ मृत्यूनंतरच मिळणार असेल आणि आधी भरलेल्या हप्त्यावर व्याज नसेल, तर हप्ता लांबणीवर टाकणे हिशेबाला धरूनच ठरते. आपला कारकून आणि आपला प्राध्यापकही नेमका हाच हिशेब नकळत मांडत असतो.

या हिशेबाचे गृहीतकृत्यच मला चुकीचे वाटते. पुण्य ही पेढीत ठेवलेली रक्कम नव्हे. पुण्याच्या बळावर मिळालेला स्वर्ग ते पुण्य सरताच संपतो, असे गीतेच्या नवव्या अध्यायाने बजावले आहे. उलट सहाव्या अध्यायात, योगमार्गावरून मध्येच ढळलेल्याचे काय होते, या अर्जुनाच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आशादायक आहे: त्याचे श्रम वाया जात नाहीत, पुढील जन्मी तो पूर्वीच्याच बुद्धिसंस्कारांपासून पुन्हा वाटचाल करतो. म्हणजे बरोबर जाते ती जमा रक्कम नव्हे, घडलेले मन होय. ते कौशल्यासारखे असते. उसने मिळत नाही आणि एकरकमी विकतही घेता येत नाही. शिवाय त्याची वाढ चक्रवाढीने होते. शेकडा 8 दराने रक्कम सुमारे 9 वर्षांत दुप्पट होते. या हिशेबाने पंचविसाव्या वर्षी गुंतविलेल्या रुपयाचे एकसष्टाव्या वर्षी सोळा होतात, तर बावन्नाव्या वर्षी गुंतविलेल्याचे दोनच. सवयींचे गणित याहून फारसे वेगळे नाही.

आठव्या अध्यायातील अंतकाळच्या स्मरणाचा अर्थही हाच आहे. अखेरच्या क्षणी मनात जे असेल तशी गती मिळते, म्हणून सर्वकाळ स्मरण ठेव, असे तेथे सांगितले आहे. विनोबांनी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली ‘गीता प्रवचने’ या अध्यायाला ‘प्रयाण-साधना’ व ‘सातत्ययोग’ अशी दुहेरी ओळख देतात. पन्नास वर्षांनंतर, नोव्हेंबर 1982 मध्ये, पवनारला विनोबांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि 15 तारखेला देह ठेवला. त्यांच्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. परंतु ती शांतता आयत्या वेळी आणलेली नव्हती, तिच्यामागे अर्धशतकाची साधना होती, हे कोणालाही मान्य करावे लागेल.

दोन आक्षेपांचा विचार करावयास हवा. परलोकाची चिंता माणसाला इहलोकीच्या अन्यायाविषयी उदासीन करते, असा पहिला आक्षेप आहे. कर्मकांडाच्या बाबतीत तो खरा आहे. आईबापांना जिवंतपणी न विचारणारे पुत्र त्यांच्या तेराव्याला पंगती उठवितात, हे आपण पाहतोच. पण हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या, तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारणाऱ्या आणि कर्ज काढून सण करू नका असे कळवळून सांगणाऱ्या गाडगे महाराजांना उदासीन कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप: परलोकच नसला तर? अर्थशास्त्राकडे याचे उत्तर नाही. तथापि एक लहानसे मरण आपणा सर्वांना याच देही अनुभवावे लागते. त्याचे नाव सेवानिवृत्ती. खुर्ची जाते, सहीची किंमत संपते, नमस्कार करणारे हात कमी होतात. ज्याने आपले ‘मी’पण त्या खुर्चीतच साठविले, तो वर्षभरात खचतो. ज्याला सोडण्याची सवय आहे, तो हसतमुखाने घरी येतो. परलोकाची तयारी येथे, डोळ्यांदेखत, कसोटीला लागते.

ही सवय लावण्यास अरण्य नको की मठ नको. रोज अर्धा तास मौन, रात्री स्वतःच्या वागणुकीचा प्रामाणिक जमाखर्च, पगारातील काही वाटा नाव न सांगता गरजूला देणे आणि अबोला धरलेल्या भावाला आपण होऊन पत्र लिहिणे, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. यांतील एकाही गोष्टीला निवृत्तीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आणि तो आदेश हाती पडेपर्यंत आपण असूच, याची हमी कोणत्याही सेवाशर्तींत दिलेली नाही.