रंगीत घेवडा दारात हवा, बियाणं घरात हवं



आपल्या जामनेर भागातल्या एखाद्या मुलाला विचारा, "बी कुठून येतं?" बहुतेक वेळा उत्तर मिळेल, "कृषी केंद्रातून." ह्यात त्याचं काहीच चुकत नाही. बीटी कपाशीचं संकरित बियाणं दरवर्षी विकतच आणावं लागतं आणि केळी तर बियांपासून लावतच नाहीत, कंद किंवा रोपं लावतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरात वाढूनही, झाडावरच्या शेंगेतून बी काढायचं, जपायचं आणि पुढच्या वर्षी तेच पेरायचं, हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडतच नाही. पाठ्यपुस्तकात मात्र आपण त्यांना 'बीजापासून झाड, झाडापासून बीज' असं शिकवतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, प्रत्येक घरात आणि प्रत्येक शाळेच्या परसबागेत झुडपी घेवड्याची निदान दहा रोपं असावीत. आणि ती रंगीत असावीत.

घेवडाच का?

झुडपी घेवड्याला वालासारखा मांडव लागत नाही. रोप गुडघ्याएवढं होतं. जुनी गोणी, तेलाचा डबा, फुटकी बादली, काहीही चालतं. बी साधारण आठवड्यात उगवतं आणि दोन्ही डाळिंब्या मातीच्या वर येतात. 'द्विदल' हा शब्द मग फळ्यावर समजावावा लागत नाही. पन्नास-साठ दिवसांत शेंगा तोडायला येतात, म्हणजे एका सत्रातच सगळं पाहून होतं.

रंगाचं म्हणाल तर जांभळ्या, पिवळ्या, हिरव्या शेंगांचे झुडपी घेवडे असतात. जांभळी शेंग शिजवली की हिरवी होते! तिचा जांभळा रंग पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने उडतो, आतला हिरवा तेवढा राहतो. घरच्या चुलीवर होणारा हा विज्ञानाचा प्रयोग मूल विसरत नाही. आणि स्वतः लावलेली भाजी ताटात आली, तर "मला नको" म्हणणारं मूलही एक घास खाऊन बघतंच.

आपल्या मातीतली उदाहरणं

रंगीत घेवडा म्हणजे काही परदेशी फॅड नव्हे. घेवडा मूळचा अमेरिका खंडातला हे खरं, पण मिरची-बटाट्यासारखाच तो आता आपला झाला आहे. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातल्या 'वाघ्या घेवड्या'ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्यावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव वाघ्या. त्याच वर्षी आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्यालाही हे मानांकन मिळालं, हे मुलांना जरूर सांगा.

दुसरं उदाहरण राहीबाई पोपेरे यांचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या ह्या माउली शाळेत गेल्या नाहीत, पण वाल-घेवड्याच्या आणि इतर पिकांच्या अनेक गावठी जाती त्यांनी जपल्या, बियाण्यांची बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बीजमातेकडे होतं ते ज्ञान पूर्वी आपल्याही आज्यांकडे होतं. राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं बी आज किती घरांत सापडेल?

आपल्या हवेत कसं लावाल?

खान्देशचं ऊन घेवड्याला सोसत नाही, उष्णता वाढली की फुलं गळतात. म्हणून उन्हाळ्यात लावून निराश होऊ नका. दिवाळीच्या आसपास पेरा, म्हणजे भोगीच्या भाजीला घरच्या शेंगा मिळतील. काळ्या मातीत पाणी साचतं आणि मूळ कुजतं, म्हणून थोडी वाळू आणि शेणखत मिसळा, डब्याला खाली भोकं पाडा. बी बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल नको. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. मावा पडला तर निंबोळी अर्क फवारा.

दोन-तीन रोपांच्या शेंगा मात्र तोडू नका. त्या झाडावरच वाळू द्या. घेवड्याच्या फुलात बहुतेक स्वपरागीकरण होतं, त्यामुळे गावठी किंवा सरळ वाणाचं बी पुढच्या वर्षी साधारण तसंच उगवतं. पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं असेल, तर ते ह्यासाठी घेऊ नका. एका शेंगेत पाच दाणे धरले, तर दहा शेंगांचे पन्नास. गुणाकाराचा ह्याहून चांगला पाठ कोणता?

एक सूचना महत्त्वाची: घेवड्याचे वाळलेले दाणे कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाऊ नयेत, पोट बिघडतं. रात्री भिजवा, ते पाणी फेका आणि चांगले उकळून शिजवा. लहान मुलांना हे आधी सांगा.

"वेळ कुठे आहे, सर?"

हा प्रश्न शिक्षक मित्रही विचारतात, पालकही. पाण्याची टंचाई, अभ्यासक्रमाचा ताण, नोंदींची कामं, सगळं खरं आहे. पण दहा रोपांना हात धुतलेलं साधं पाणीही पुरतं. मापन, नोंदवही, निरीक्षण, भाषेतला अनुभवलेखनाचा तास, हे सगळं त्या दहा रोपांतच होतं. वेगळा तास लागत नाही. वेळ खरा वाया जातो तो फक्त फोटोपुरत्या केलेल्या परसबागेत. पाटी रंगवली, फोटो पाठवला आणि सुट्टीत रोपं वाळली, ह्यातून मूल जे शिकतं ते आपल्याला नको आहे.

तेव्हा पालकहो, ह्या दिवाळीत मुलाच्या हातात दहा बिया ठेवा. संक्रांतीनंतर त्याच्याकडून मूठभर परत मागा. त्यातल्या दहा शेजारच्या मुलाला द्यायला सांगा. पुढच्या वर्षी "बी कुठून येतं?" असं विचारलं, की ते म्हणेल, "आमच्या घरून."