बॅटरी गेली नव्हती, स्टार्टरही गेला नव्हता

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय.

आमची गाडी २००७ ची, डिझेल. मागच्या सीटा काढून टाकल्यात. टोमॅटोच्या तोड्याला वीस-बावीस क्रेट नारायणगावच्या मार्केटला हीच नेते. गेल्या हंगामात पहाटे माल भरून किल्ली मारली तर नुसता 'खट्' आवाज. गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली. नवी टाकली. आठ दिवस चालली, पुन्हा खट्. मग म्हणाला, स्टार्टर गेला. स्टार्टर खोलून कार्बन, बुश नवे टाकले. पंधरा दिवस चालली. तिसऱ्यांदा बंद पडली त्या दिवशी मार्केटला पोचेपर्यंत अकरा वाजले आणि चांगलं गिऱ्हाईक निघून गेलं होतं. आठ हजार पार्टला गेले, भावात मार बसला तो वेगळाच. घरात एकच सूर, "विका ती गाडी."

विकायच्या आधी मोटारीच्या पॅनलसाठी घेतलेला मल्टीमीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरीला १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. पुतण्याला म्हटलं, न्यूट्रल कर, हँडब्रेक ओढ आणि किल्ली मार. खट् झालं तेव्हाही व्होल्टेज १२ च्या वरच. इथेच उलगडा झाला. बॅटरी कमजोर असती तर स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली बसलं असतं. बॅटरी ताकद द्यायला तयार आहे, पण ती स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली. किल्ली मारल्यावर इथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. दिसले तीन व्होल्टच्या वर. इंजिनपासून चॅसीला येणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजून पिठासारखी झाली होती. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवलं, मग पट्टी काढून पॉलिश पेपरनं घासली, घट्ट आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. खर्च वीस रुपये. गाडी आजतागायत एका किल्लीत चालू होतेय.

मग बॅटरी बदलल्यावर आठ दिवस कशी चालली? काम करताना वायरी हलल्या, बोल्ट पुन्हा आवळले गेले, तात्पुरता संपर्क मिळाला. पार्ट बदलला आणि फरक पडला, म्हणजे तोच पार्ट खराब होता असं नसतं. पेजवरचे कृषी सहाय्यक हसत असतील आता. पान पिवळं दिसलं की दुकानदार देईल ती बाटली मारायची, आणि चार दिवसांनी पाऊस पडून पीक हिरवं झालं की बाटलीला श्रेय द्यायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं करतो. गाडीशीही तेच करतो.

गाडी गरम होण्याचंही तसंच. आमच्याकडे सर्रास सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, काही लागत नाही." माझं याला स्पष्ट नाही आहे. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन वेळेत तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि मूळ दोष तसाच राहतो. तो बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतो. बाहेरून गवताचं कूस, मळणीचा भुसा जाळीत बसतो. तो इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धुवा. जोरदार धारेनं पाती वाकतात. आतून बोअरचं पाणी घात करतं. ज्या पाण्यानं आपले ड्रीपर क्षारानं चोक होतात तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतायचं आणि मग गरम झाली म्हणून ओरडायचं! कूलंट घाला, त्यात मिसळायला डिस्टिल्ड वॉटर वापरा. आणि झाकण कधीही गरम गाडीवर उघडू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

हे सगळं साफ असूनही पाणी कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. तिथे घरचा उद्योग नको.

उंदरांबद्दल थोडक्यात: गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावली की वायरिंग गेलंच समजा. लावायची जागा बदला.

सगळे मेकॅनिक फसवतात असं मी म्हणत नाही. दारात चार गाड्या उभ्या असतात, गिऱ्हाईक घाई करतं, त्याला अंदाजानं पार्ट टाकणं सोपं पडतं. त्याला पाच मिनिटं मीटर लावायला सांगा आणि तपासणीचे पैसे वेगळे द्या. मी आता देतो. ब्रेकला मात्र मी स्वतः हात लावत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी ते गॅरेजमध्ये बदलून घेतो. पेडल मऊ लागलं की त्या दिवशी क्रेट दुसऱ्याच्या टेम्पोत जातात.