फेरारी जुनी, कर मात्र फरारी

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांनी एका फेरारी एसएफ-९० स्ट्राडाले मोटारीच्या मालकाला नोटीस बजावली. सुमारे साडेसात कोटी रुपयांच्या या गाडीची नोंदणी महाराष्ट्रातील होती. धावत मात्र ती वर्षाहून अधिक काळ बंगळुरूच्या रस्त्यांवर होती. कर्नाटकाचा आजीवन कर भरलेला नसल्याने दंडासह १ कोटी ४१ लाख रुपयांहून अधिक रकमेची मागणी झाली आणि जप्तीच्या भीतीने ती रक्कम एकरकमी भरलीही गेली. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच शहरात परराज्यांत नोंदलेल्या तीस आलिशान मोटारी परिवहन खात्याने एका मोहिमेत ताब्यात घेतल्या होत्या. त्यांतही फेरारी होती.

अशा बातम्या वाचून सर्वसामान्य वाचकाला क्षणभर समाधान वाटते आणि विषय तेथेच संपतो. तो तेथे संपू नये. अशा गाड्या एका मालकाकडे फार काळ टिकत नाहीत. नवे मॉडेल आले, हौस फिटली किंवा धंद्यात खोट आली, की त्या जुन्या गाड्यांच्या बाजारात येतात. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद येथे अशा वापरलेल्या गाड्यांचे स्वतंत्र विक्रेते आहेत आणि नव्या गाडीच्या निम्म्या किमतीत फेरारी किंवा लॅम्बोर्गिनी दारात उभी करण्याची आकांक्षा बाळगणारा ग्राहकवर्गही आहे. हा ग्राहक रंग पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, किलोमीटरचा आकडा तपासतो. कागदपत्रे मात्र सर्वांत शेवटी, तीही दलालाच्या भरवशावर, पाहतो. खरा धोका नेमका तेथेच आहे.

इटलीतील या गाड्यांचे अर्थकारणच मुळी वेगळे आहे. मारानेल्लोच्या फेरारीने २०२४ या संपूर्ण वर्षात जगभरात १३,७५२ गाड्या दिल्या, तर सांताआगाता बोलोन्येझेच्या लॅम्बोर्गिनीने १०,६८७. मागणीपेक्षा पुरवठा नेहमी थोडा कमीच ठेवायचा, हे फेरारीचे जुने धोरण. त्यामुळे जुन्या गाडीलाही मोल राहते आणि ‘ही गाडी म्हणजे गुंतवणूक’ हे विक्रेत्याचे आवडते वाक्य ग्राहकाला पटते. इतिहास मात्र सावधगिरीचा इशारा देतो. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत फेरारींच्या किमतींनी अक्षरशः उसळी घेतली. एफ-४० सारखी गाडी मूळ किमतीच्या कित्येक पटींनी हातोहात विकली जात होती. १९९० नंतर तो फुगा फुटला आणि चढ्या भावाने गाड्या घेतलेल्यांचे हात पोळले. पुढे मोजक्या, दुर्मीळ गाड्यांनी विक्रम केले हे खरे. १९६२ ची फेरारी २५० जीटीओ नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली. पण अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाजारात सहज मिळणारी दहा-पंधरा वर्षांची फेरारी कॅलिफोर्निया किंवा लॅम्बोर्गिनी गॅलार्डो त्या पंक्तीत बसत नाही. गॅलार्डोच तर दहा वर्षांत चौदा हजारांहून अधिक बनल्या.

या बाजाराचा पहिला नियम असा, की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दोन कोटींची गाडी ऐंशी लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच आणि ब्रेक दोन कोटींच्या गाडीचेच राहतात. टेस्टारोसा, ३४८, एफ-३५५ या जुन्या फेरारींचा टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन गाडीतून बाहेर काढावे लागते. नंतरच्या ३६० मोडेना या गाडीत आसनांच्या मागील झडप उघडून हे काम होते. पण बेल्ट मात्र साधारण तीन ते पाच वर्षांनी, गाडी चालो वा न चालो, बदलावाच लागतो. तो तुटला तर झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाची राख होते. २००४ च्या एफ-४३० पासून बेल्टची जागा साखळीने घेतली. तरीही एकेरी क्लचच्या ‘एफ-१’ पद्धतीच्या गिअरबॉक्सचा खर्च उरलाच. शहराच्या गर्दीत, थांबत-सरकत चालवलेल्या अशा गाडीचा क्लच वेगाने झिजतो. तो किती टक्के झिजला, हे निदानयंत्र लावले की आकड्यात कळते. तो आकडा पाहिल्याविना सौदा करणे म्हणजे अंधारात उडी. ‘गाडी फक्त पाच हजार किलोमीटर चालली आहे’ हीदेखील निखालस जमेची बाजू नव्हे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची रबरी सीले वाळतात, टायर कडक होतात, बॅटरी मरते. उष्ण हवेत त्या काळातील फेरारींची आतील बटणे चिकट होतात, हा तर जगभरच्या मालकांचा अनुभव आहे.

म्हणूनच युरोपात आणि अमेरिकेत जाणकार खरेदीदार गाडीआधी तिची ‘फाइल’ मागतो. त्या फाइलमध्ये प्रत्येक सर्व्हिसची पावती, प्रत्येक मालकाची नोंद आणि अपघात झाला असल्यास त्याचा तपशील असतो. वीस वर्षांहून जुन्या गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स व सांगाडा मूळचेच आहेत काय, हे तपासून प्रमाणपत्र देणारा ‘क्लासिके’ हा स्वतंत्र विभाग फेरारीनेच चालवला आहे. २०११ पासून नव्या गाड्यांना सात वर्षांची नियमित देखभाल योजना मिळू लागली, तीही गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. थोडक्यात, तेथे दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या किमतीत जो फरक पडतो, तो बहुतांशी कागदांचा असतो.

भारतात या फाइलमध्ये आणखी दोन प्रकरणे जोडावी लागतात. एक सीमाशुल्काचे आणि दुसरे राज्याच्या वाहनकराचे. देशातील सर्वांत प्रसिद्ध जुन्या फेरारीची कथा या दृष्टीने बोलकी आहे. २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी कसोटीतील २९ शतकांच्या डॉन ब्रॅडमन यांच्या पराक्रमाशी बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट दिली. किल्ली हाती ठेवली ती मायकेल शूमाकर यांनी. केंद्र सरकारने सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे सीमाशुल्क माफ केले आणि २००३ मध्ये त्यावर वादळ उठले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर शुल्क कंपनीने भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. त्या गाडीवर इतक्या जाहीरपणे चर्चा झाली होती, की तिचे शुल्क भरले गेले की नाही, हा प्रश्न खरेदीदाराला पडण्याचे कारणच नव्हते. इतर खरेदीदारांचे भाग्य असे नसते.

वापरलेली मोटार परदेशातून आणण्यावर भारतात कडक अटी आहेत. ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, चालकाचे चाक उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी, असा दंडक आहे. शुल्क दीर्घकाळ शंभर टक्क्यांहून अधिक राहिले. जेथे शुल्क मोठे, तेथे आडवाटाही येणारच. जुलै २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत असा प्रकार उघडकीस आणला, की परदेशी मुत्सद्द्यांना मिळणाऱ्या शुल्कमाफीचा गैरवापर करून त्यांच्या नावावर आलिशान गाड्या आणायच्या आणि पुढे खासगी ग्राहकांना विकायच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून अनेक वापरलेल्या गाड्या जप्त केल्या. गाड्यांचे प्रकार निराळे असले, तरी अशा व्यवहारातील शेवटचा खरेदीदार पुष्कळदा अनभिज्ञ असतो. दारात उभी राहते ती मात्र त्याच्या. एका पोर्शे गाडीच्या प्रकरणात, नंतरचा खरेदीदार हा आयातदार नव्हे, सबब बुडवलेले शुल्क त्याच्याकडून वसूल करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. तो स्वागतार्ह आहे. परंतु तो दिलासा मिळवण्यासाठी त्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हेही विसरता येत नाही.

राज्याच्या करापुढे तर तेवढेही संरक्षण नाही. वाहनावरील थकीत कर वाहनाबरोबरच पुढच्या मालकाकडे जातो, हे राज्यांच्या वाहनकर कायद्यांतील सर्वसाधारण तत्त्व आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. देशभर गाडी फिरवण्याची मुभा आणि कुठेही कर न भरण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत विक्रेता सोयीने करतो आणि ग्राहक तितक्याच सोयीने ती मान्य करतो. गाडी फेरारी असली तरी तिचा कर फरारी राहू शकत नाही, हे बंगळुरूच्या कारवाईने दाखवून दिले.

तथापि दोष केवळ मालकांचा नाही. कर्नाटकात वीस लाखांवरील मोटारीला १८ टक्के कर, त्यावर अधिभार. आणि कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्रात एका वाहनावरील एकरकमी करावर २०१७ पासून २० लाख रुपयांची मर्यादा होती. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. श्रीमंतांच्या गाड्या अन्य राज्यांत नोंदल्या जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू. तो व्यवहार्य असेल. पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. दहा लाखांची पेट्रोल मोटार घेणारा मध्यमवर्गीय ११ टक्के, म्हणजे १ लाख १० हजार रुपये भरतो. साडेसात कोटींच्या गाडीवर २० लाख म्हणजे पावणेतीन टक्क्यांहूनही कमी. आणि वाढलेल्या मर्यादेनेही तो भार चार टक्केच. हीच गाडी कर्नाटकात सव्वा कोटीहून अधिक कर देते. एवढी दरी असेल, तर गाडीची नंबरप्लेट एका राज्याची आणि गॅरेज दुसऱ्या राज्यातले, हे घडणारच. पुदुच्चेरीसारख्या अल्प कराच्या प्रदेशात केरळच्या धनिकांनी केलेली नोंदणी २०१७ मध्ये गाजली होती; रोग तोच.

या विषमतेची खरी झळ मात्र सुपरकारवाल्याला बसत नाही. पुण्याहून बंगळुरूला बदली झालेल्या अभियंत्याला बसते. तो आपल्या छोट्या मोटारीसाठी ना हरकत प्रमाणपत्र मिळवतो, नव्या राज्यात पुन्हा कर भरतो आणि जुन्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मिळावा म्हणून हेलपाटे घालतो. प्रामाणिकपणाची शिक्षा त्याला आणि पळवाटेचे बक्षीस दुसऱ्याला, असे चित्र दीर्घकाळ राहिले, तर कायद्याविषयीचा आदरच ओसरतो.

यावर उपाय नाहीत असे नव्हे. वाहनांची नोंद ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत आहे. वाहतुकीचे दंड, विमा, प्रदूषण तपासणी यांच्या नोंदींवरून एखादी गाडी वस्तुतः कोणत्या राज्यात राहते, हे ओळखणे कठीण नाही. अतिमहागड्या मोटारींपुरते तरी करदर राज्यांनी एकमेकांच्या जवळ आणावेत आणि कर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपोआप वर्ग व्हावा, एवढी सहमती झाली तरी पुष्कळ साधेल. वस्तू व सेवा कराबाबत राज्ये एकत्र येऊ शकली, तर वाहनकराबाबत येऊ नयेत असे काही नाही.

तोवर जबाबदारी खरेदीदारावरच आहे. सीमाशुल्क भरल्याची मूळ कागदपत्रे, कराची पावती, कर्ज फिटल्याचा दाखला, ना हरकत प्रमाणपत्र आणि सांगाडा व इंजिनाचे जुळणारे क्रमांक हे सारे हाती आल्याखेरीज इसार देऊ नये. गाडी ज्या राज्यात राहणार, तेथील कर किमतीत धरूनच बोली लावावी. निम्म्या किमतीत मिळणारी फेरारी अनेकदा पूर्ण किमतीचीच असते. उरलेली निम्मी रक्कम कोण, केव्हा आणि कोणत्या कार्यालयाच्या खिडकीवर भरणार, एवढाच प्रश्न शिल्लक असतो.