पोर ठोंब्या नाहीं, आकडा उलटा बोलतो

तामलवाडी हें तुळजापूर तालुक्यांतील गांव सोलापूरच्या वाटेवर आहे. इकडे मराठी कुणब्याचें पोर, तिकडे सोलापुरांत तेलगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकराचें पोर. दोघांपुढें पंचवीस काड्या ठेवा. विणकराचें पोर घरच्या भाषेंत म्हणतें, "इरवै ऐदु", म्हणजे वीस पांच. आणि बोललें तसेंच आधीं २, मग ५ लिहितें. आमचें पोर म्हणतें, "पंचवीस". त्याच्या कानावर पांच आधीं पडतो, वीस मागून येतो. तें बिचारें कानाशीं इमान राखून ५२ लिहितें, आणि त्याबद्दल ठोंब्या ठरतें!

बंधूंनो, यांत पोराचा दोष काय? मराठींत एकविसापासून पुढें बहुतेक आकड्यांची हीच तऱ्हा. त्यांतही एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. कानानें तीस ऐकावयाचें आणि हातानें २९ लिहावयाचें. ही वजाबाकी एकोणनव्वदपर्यंत चालते आणि नव्याण्णवाला एकाएकीं मोडते. मोठ्यांना हें पाठ झालें म्हणून सोपें वाटतें, इतकेंच.

सन २०१९ मध्यें बालभारतीनें दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस या शब्दाच्या जोडीला "वीस एक" असेंही छापलें. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुने शब्द काढलेले नव्हते. तरी मराठी बुडाली म्हणून केवढा गिल्ला झाला! विधिमंडळांतही थट्टा झाली. आम्ही विचारतों, ओरडणारांपैकीं कितीजणांचीं पोरें दुसरींत अडून बसलीं होतीं? ज्याच्या घरीं शिकवणीला पैसा आहे, त्याचें पोर कसेंही पार पडतें. तिकडे नॉर्वे देशानें १९५१ सालीं "पांच आणि वीस" सोडून "वीस पांच" म्हणण्याचा नियमच केला. कांहीं लोक जुनें बोलत राहिले, पण भाषा कांहीं बुडाली नाहीं.

मात्र बाजारांत "वीस पांच रुपये" कोणी म्हणत नाहीं, हेंही खरें. पंचवीस पोराला आलेंच पाहिजे. वीस पांच ही नुसती शिडी. माळ्यावर चढल्यावर ती बाजूला ठेवावी. पण शिडीच नको म्हणणारा स्वतः माळ्यावरच जन्मला असावा.

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणांत वाचन-लेखनाबरोबर हिशेब मागितला, तो उगाच नव्हे. खताच्या दुकानांतील बिल आणि आडतीवरची पट्टी ज्याला वाचतां येत नाहीं, त्याचा माल दुसराच मोजतो. आणि त्या हिशेबाची पहिली पायरी म्हणजे २५ नि ५२ यांतला भेद.

तो घरीं दाखवितां येतो. तुरीच्या काड्या मोडून घ्याव्या. दहा मोजून दोऱ्यानें जुडी बांधावी. बांधण्याचें काम पोरानेंच करावें, आईबापांनीं हात लावूं नये. जुड्या डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. दोन जुड्या, पांच सुट्या: "वीस पांच, म्हणजे पंचवीस" असें दोन्ही म्हणवून घ्यावें आणि लगेच खालीं आकडा लिहवावा. मग पांच जुड्या नि दोन सुट्या मांडून विचारावें, जास्त कोणत्या? काड्या संपल्या तर दहाच्या नोटा आणि रुपयाचीं नाणीं घ्यावीं. शेवटीं नुसत्या दोन जुड्या ठेवाव्या. उजवीकडे एकही काडी नाहीं, तर तिथें काय लिहावयाचें, हें पोराला विचारावें आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावें.