कोतवालाची चावडी आणि पेठेतला शिपाई

पुण्याच्या बुधवार पेठेतील फरासखाना पोलीस ठाण्याचे नाव रोज हजारो तोंडी येते. फरासखाना म्हणजे तंबू, कनाती, जाजमे ठेवण्याचे पेशवाईतील सरकारी कोठार. पण त्या ठाण्यात बदलून येणाऱ्या शिपायास हे कोणी सांगत असेल असे वाटत नाही. प्रश्न केवळ एका शब्दाच्या अर्थाचा असता, तर तो इतिहाससंशोधकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु ज्या वस्तीचा बंदोबस्त करावयाचा ती वस्ती ठाऊक असणे हा बंदोबस्ताचाच भाग आहे, ही जाणीव या शहरात एके काळी होती आणि ती आज क्षीण झाली आहे.

थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, १७६४ साली, बाळाजी नारायण केतकर यांची पुण्याच्या कोतवालीवर नेमणूक झाली. कोतवालाची कामे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. चोर पकडणे हा त्यांतील एक भाग झाला. त्याखेरीज रस्ते, गल्ल्या व घरे यांविषयीचे तंटे तोडणे, बाजारातील भाव नेमून देणे, शहरात आल्यागेल्याची नोंद ठेवणे, खानेसुमारी करणे, हे सर्व त्याच्याच चावडीवर चाले. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडणाऱ्यास सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. खुद्द पेशव्यांनाही एकदा अशी रात्र काढावी लागली, असे पेशव्यांच्या चाकरीतील टोन नावाच्या युरोपीय अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. कथा थोडी रंगलेली असेल, पण कोतवालीचा दरारा काय होता ते तीवरून कळते.

अर्थात त्या दराऱ्याची दुसरी बाजू पुणेकरांना सांगावयास नको. १७७७ पासून चौदा वर्षे कोतवालीवर असलेल्या घाशीरामास शहरातील बोळ अन् बोळ माहीत होता. त्याच माणसाच्या अमलात तेलंगी ब्राह्मणांना चौकीत कोंडण्यात आले, वीसहून अधिक जण गुदमरून मेले, आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. माहिती होती, जाब विचारणारे कोणी नव्हते. वस्तीची ओळख असलेला पोलीस हवा, असे म्हणणाऱ्याने घाशीरामाला विसरून चालणार नाही.

आजची अडचण नेमकी उलटी आहे. निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यातील सर्वसाधारण काळ कायद्याने दोन वर्षांचा. मंडई, तुळशीबाग, बुधवार चौक, दाणेआळी यांच्यातील बारकावे उमगू लागतात न लागतात तोच बदलीचा हुकूम येतो. उणीव भरून काढण्यासाठी चौकाचौकांत कॅमेरे बसले. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? परंतु १० जुलै २०१४ रोजी स्फोट झाला तो फरासखान्याच्याच वाहनतळावर, चोरून आणलेल्या मोटारसायकलमध्ये, पोलिसांच्या दाराशी. रोजची वाहने कोणाची आणि आज उभे असलेले परके वाहन कोणते, हे प्रथम ध्यानात येते ते पथारीवाल्याच्या, हमालाच्या, चहाच्या टपरीवरच्या पोराच्या. ही माणसे पोलिसाशी मोकळेपणाने बोलतात की त्याला पाहताच पाटी उचलून पळतात, यावर बरेच काही अवलंबून आहे.

आणि येथेच स्थानिक इतिहास कामाचा ठरतो. पूर्वी शनिवारवाड्यापुढील मोकळ्या जागेत भाजीबाजार भरे. आज जी दगडी मंडई दिसते ती १८८६ साली, रे मार्केट या नावाने उघडली. तिच्यावरील खर्चास नगरपालिकेत जोतीराव फुले यांनी विरोध केला होता, आणि पुढे त्याच वास्तूस त्यांचे नाव मिळाले, हा काळाचा विनोद. मुद्दा असा की या शहरातील उघड्यावरचा विक्रेता इमारतीहून जुना आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो शिपाई पथारीकडे निव्वळ अतिक्रमण म्हणून पाहणार नाही. रस्ता मोकळा करावयाचाच झाला तरी दंडुक्याआधी तो बोलून पाहील. बुधवार पेठेच्या माड्यांवर राहणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. तक्रार नोंदवावयास गेल्यास उलट आपलीच चौकशी होईल, हे भय त्यांच्या मनातून गेल्याशिवाय त्या भागातील खरे गुन्हे उघडकीस येणार नाहीत.

हे अशक्य आहे असे नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. शिपाई आणि वस्तीतील सामान्य माणसे एकत्र बसू लागली, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्या पुण्याला नव्या नाहीत, पण त्यांत बहुधा बडे व्यापारी आणि मंडळांचे पदाधिकारीच मिरवतात. मंडईच्या समितीत पाटीवाली, हमाल आणि माडीवरची बाई बसली पाहिजे. ठाण्याच्या कारभाराबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे अधिकाऱ्याने त्याच बैठकीत दिली पाहिजेत. आणि बीटवरील शिपायाला, दुसरी तक्रार नसेल तर, निदान पाच वर्षे त्याच गल्ल्यांतून फिरू दिले पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे अंदाजपत्रकही लागत नाही.