झेंडा पोरांच्या हातात, तिकीट कोणाच्या?

फुलंब्रीत निवडणूक लागली की मोटारसायकलला झेंडा बांधून फिरणारी पोरं वीस-बावीस वर्षांची असतात. त्यात आपल्या मोहल्ल्यातलीही असतात. उमेदवारांच्या यादीत ती सहसा दिसत नाहीत.

२०१९ मध्ये या मतदारसंघाने हरिभाऊ बागडे यांना निवडून दिले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. वडीलधाऱ्यांचा अनुभव लागतोच, त्याबद्दल वाद नाही. आणि कायदाही तरुणांच्या आड येत नाही. विधानसभेला वय २५ लागते, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीला २१. २०२४ मध्ये तासगाव-कवठे महांकाळमधून रोहित पाटील पंचविशीतच आमदार झाले. अर्थात, ते आर. आर. पाटलांचे चिरंजीव. ज्याच्या घरात आमदारकी नाही, त्याने राजकारण शिकायचे कुठे?

पूर्वी कॉलेजात शिकता यायचे. १९९० च्या दशकात तिथल्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात पुन्हा तरतूद झाली, अंमलबजावणी मात्र वर्षानुवर्षे रखडली. दुसरी पायरी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची. तिथली मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकचेरीत प्रशासक बसले. निवडणुका घ्या, हे सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये सांगावे लागले. २०२२ ला एकविशी गाठलेल्या पोराची उमेदीची वर्षे अशीच गेली.

आपला हिशेब याहून कडू आहे. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार.

तरी एक दार आहे, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. राखीव जागेवर उभे राहायचे तर जात प्रमाणपत्र आणि त्याची वैधता लागते. पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा हवा. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या नोंदी उर्दूत आहेत. शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये कित्येकदा जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले सापडते. मग चुलत आजोबांचा दाखला शोधा, जुना जमिनीचा कागद शोधा. अर्ज भरताना पडताळणीची पोच चालते, पण मुदतीत वैधता आली नाही तर जिंकलेली जागाही जाते.

ही फाईल निवडणूक जाहीर झाल्यावर उघडून भागत नाही. आणि तो उर्दू कागद वाचणारे दादा-नाना आज घरात आहेत, तोवरच ते काम सोपे आहे.